सगळं काढलं का?

माझ्या आयुष्यातला निम्मा पगार मला माणसांना पाण्याखाली उभं करण्याबद्दल मिळाला. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. थट्टा नाही हो. दौंड तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी, तिच्या गेटातून आत आलं की उजव्या हाताला पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत मी नर्स. पाटीवर ‘आरोग्य केंद्र’ असं भारदस्त नाव होतं. कामगारांच्या तोंडी मात्र ‘सिस्टरची खोली’. कंपनीचे डॉक्टर दुपारी येऊन जायचे. बाकी वेळ सर्दी-पडशापासून ॲसिड उडालेल्या माणसापर्यंत जे काय येईल ते माझ्या पदरात.

रसायन अंगावर उडालं की पहिली गोष्ट पाणी. वाहतं, भरपूर, आणि माणूस कंटाळला तरी त्याच्याही पुढं. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी. कपडे, बूट, मोजे सगळं उतरवून पाणी. मलम, इंजेक्शन ह्या नंतरच्या गोष्टी, आणि त्या डॉक्टरनं ठरवायच्या. एवढंच माझं शास्त्र. पण पाणी पडलं फुकटचं, आणि आमच्या माणसाला फुकटच्या औषधाचा भरवसा नाही. नळाखाली उभा राहून मान वळवून विचारणार, “सिस्टर, ते समदं खरं, पन औषध कवा देनार?”

बरं, माझ्याकडे यायच्या आधी स्वतःचे प्रयोग करून येणार. ॲसिड उडालं म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना फासून आलेला माणूस मी पाहिलाय. कॉस्टिक सोड्याचा थेंब हातावर पडला म्हणून कॅन्टीनमध्ये जाऊन लिंबू चोळणारा तर चांगला बी.एस्सी. झालेला होता. “मॅडम, आम्लारीला आम्ल,” असं मलाच समजावत होता. मी म्हटलं, “बाबा रे, ते परीक्षानळीत. तुझ्या कातडीवर ती दोघं भांडली की उष्णता होते. आधीच भाजलंय, त्यात आणखी भाजून घेतोस काय? चल पाण्याखाली.” वरवंडचा एक जण डोळा चुरचुरतोय हे कुणाला न सांगता पाळी संपवून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यात शेळीचं दूध घालून आला. चुलतीनं घातलं म्हणे. त्या चुलतीला भेटायची माझी फार इच्छा होती, राहून गेली.

ह्या सगळ्याहून अवघड काम म्हणजे कपडे उतरवायला लावणं. पँट रसायनानं भिजून अंगाला चिकटली तरी गडी पट्ट्यावर हात ठेवून उभा. समोर बाईमाणूस! जीव गेला तरी चालेल पण सिस्टरसमोर पँट नाही काढायची. मग मी एक रीत पाडली. आपत्कालीन शॉवरभोवती जाड प्लास्टिकचा पडदा लावून घेतला. आत भिजलेला माणूस, त्याच्या मदतीला रबरी मोजे घातलेला दुसरा पुरुष, आणि मी पडद्याबाहेर. बाहेरून ओरडायचं, “सगळं काढलं का?” आतून “काढलं!” आलं की साबण आत द्यायचा. एकानं तर उत्तर दिलं होतं, “व्हय सिस्टर, आता काय कातडं काढू?” रीत चांगली चालली. सुरक्षा सप्ताहात तिच्याबद्दल मला स्टीलची बादली बक्षीस मिळाली. ती अजून वापरात आहे.

आता संपतचं सांगते. इतक्या केसेस पाहिल्या, पण नेमकं काय घडलं हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही अशी ही एकच.

संपत शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा. घोडच्या काठाला ऊस, दोन-चार गुरं, घरात तो आणि आई. वडील वारलेले. त्याच्या लग्नाचं बघत होते. रोज मोटरसायकलवरून यायचा. त्याच्या गावात फार जुन्या काळच्या वस्तीची घरं, भांडी, हाडं उकरून निघालीत. ते सांगताना संपत असा छाती काढायचा की जणू ती ह्याच्या भावकीतलीच माणसं. “सिस्टर, तुमच्या दौंडात जवा काय बी नव्हतं तवा आमच्यात चुली पेटत व्हत्या,” म्हणायचा. मी दौंडची, रेल्वेवाल्याची लेक. मी म्हणायचे, “पेटत असतील बाबा, पण तुला गाडीला पेट्रोल भरायला दौंडातच यावं लागतं.”

उन्हाळा सरत आला होता. सकाळच्या पाळीला संपत ॲनिलिनच्या पंपावर होता. ॲनिलिन हे तेलकट द्रव्य, रंगांच्या आणि औषधांच्या कारखान्यात लागतं. वाईट ह्यासाठी की ते फसवं आहे. ॲसिड भाजतं, माणूस बोंबलत पळत येतो. ॲनिलिन दुखत नाही, भाजत नाही, गुपचूप कातडीतून रक्तात शिरतं, आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं. छाती वर-खाली होत असते, हवा आत जात असते, पण अंगाला काही पोचत नाही. ओठ, नखं निळसर-काळी पडतात, डोकं दुखतं आणि माणूस भंजाळतो.

पंपाच्या जोडातून फवारा उडाला तो ॲप्रनच्या खालून, कमरेवर आणि मांड्यांवर. दुखलं नाही म्हणून संपतनं फडक्यानं पुसलं आणि काम चालू ठेवलं. चहाच्या सुट्टीत बाकीचे त्याला हसायला लागले, “काय रं, जांभळं खाल्ली का?” त्याच्याबरोबर काम करणारा रामसूरत हा बिहारकडचा वयस्क माणूस, तो मात्र हसला नाही. त्यानं दंडाला धरून संपतला माझ्या खोलीत आणलं.

“सिस्टर, मला काय झालंय? हे मला हिकडं कशाला आनत्यात?” संपत हसतच होता. मी ओठ पाहिले, मग नखं पाहिली, तीही काळी-निळी. खुर्ची दाखवली तर तो वजनकाट्यावर जाऊन बसला. माझी गाडी जाग्यावर हाय का, असं पुन्हा पुन्हा विचारत होता.

शॉवर चालू केला. गार पाणीच, गरम नाही, गरम पाण्यानं ते आणखी आत शिरतं. पडद्यामागं संपत आणि रामसूरत. मी बाहेरून ओरडले, “सगळं काढलं का?”

“सब उतार दिया, मॅडम!”

“सगळं म्हणजे सगळं?”

“हां हां, सब!”

साबण दिला. केस, कानामागं, बेंबी, नखांच्या खाली, सगळं घासायला लावलं. कपडे आणि बूट पिशवीत बांधले, संपतला कोरड्या चादरीत गुंडाळलं, ऑक्सिजन लावला आणि त्याला ॲम्ब्युलन्सनं दौंडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत बोटाला ऑक्सिमीटर होता. कोविडनंतर ते यंत्र सगळ्यांच्या घरात गेलंय, त्यामुळं आकड्याचा अर्थ सगळ्यांना कळतो असं सगळ्यांना वाटतं. आकडा पंच्याऐंशी. ऑक्सिजन पूर्ण सोडला, तरी पंच्याऐंशी. ह्या विषबाधेत ते यंत्रसुद्धा भांबावतं आणि तिथंच अडून बसतं. खरी परिस्थिती त्याहून वाईट असू शकते.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, हुशार होते. त्यांनी संपतच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कापसावर टाकला आणि थोडा वेळ हवेवर ठेवला. साधं रक्त लाल होत जातं. हे चॉकलेटी ते चॉकलेटीच. “मिथिलीन ब्ल्यू द्यायला लागेल,” ते म्हणाले. हे इंजेक्शन गडद निळं असतं. निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध, आणि ते दिलं की ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ आणखी खाली जातो. शिकलेल्या माणसाचंही डोकं फिरावं असा सगळा कारभार.

पण गुण आला. दुपारपर्यंत ओठ गुलाबी व्हायला लागले. संपतनं भेळ मागितली. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

तेवढ्यात त्याची आई पोचली, हौसाबाई. गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून आली होती, हातात भाकरीचं गाठोडं. आल्या आल्या मला विचारलं, “तुमी कुठल्या, बाई? आडनाव काय?” मी सांगितलं. “बरं,” ती म्हणाली, आणि पोराकडं वळली. त्या ‘बरं’चा अर्थ कळायला मला काही वेळ लागत नाही, जन्म गेलाय त्यात.

पोराला लघवी झाली ती हिरवी-निळी. हौसाबाईनं भांडं पाहिलं आणि किंचाळली, “आगं बया! ह्येच्या पोटात काय मोरचूद घातला काय?” औषधाचा रंग आहे, उतरेल, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही. मलाही तिच्या जागी पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर जायच्या आधी दवाखान्यात डोकावले, तर संपत पुन्हा निळा. मी दारातच थबकले. काल रंग आलेला माणूस, रात्रभर पलंगावरून हलला नाही, ॲनिलिनच्या जवळपास नाही, आणि परत तेच ओठ. मी कंपनीत फोन करून रजा सांगितली.

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, अंग नीट धुतलं होतं ना?”

“सगळं धुतलं, साहेब. उभं राहून करून घेतलं.”

तरी मी पुन्हा त्याचे केस धुतले, नखं कापली, कानात कापूस फिरवला. डॉक्टरांनी विचारलं, घेत होता का, कारण दारूनं हे विष आणखी चढतं. हौसाबाई उसळली, “माझ्या पोरानं माळ घातलीया! इचारा गावात कुनाला बी.” मग ते म्हणाले, काही लोकांच्या रक्तातच जन्मापासून एक दोष असतो, त्यांना हे इंजेक्शन चालत नाही, उलट तेच बाधतं. तपासायला नमुना पुण्याला पाठवला. कधी येणार? येईल तेव्हा. दुसरं इंजेक्शन दिलं. संपत थोडा सुधारला आणि दुपारच्या आत पुन्हा ढासळला. आता श्वास जोरात चालला होता.

“आणखी देता येणार नाही,” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. “ह्याला मर्यादा आहे, जास्त झालं तर हेच औषध उलटतं. पुण्याला हलवू. रक्त बदलावं लागेल. पण वाटेत काय होईल, मी सांगू शकत नाही. का ढासळतोय तेच कळत नाहीये मला.”

त्यांना कळत नव्हतं, मला कळत नव्हतं, आणि संपतला तर काहीच कळत नव्हतं. तो हौसाबाईला “सिस्टर, माजी गाडी बघा की,” म्हणत होता आणि माझा हात धरून मला “आये” म्हणत होता. हौसाबाईचा चेहरा तेव्हा मी पाहिला. पोटच्या पोरानं ओळखू नये ह्याच्यापुढं काय राहिलं?

तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, “बाई, सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या. ह्यो तुकडा घ्या.” गाठोड्यातली भाकरी तिनं माझ्या हातावर ठेवली. मी तोंडाजवळ नेली आणि थांबले. वास! उग्र, कुबट, जरासा मासळीसारखा. पंपाच्या शेडमध्ये शिरलं की नाकात बसणारा वास. भाकरीला कसा येईल? मी तिचा हात ओढून नाकाशी धरला. बोटं तपकिरी झाली होती.

“मावशी, हात कुठं लावला?”

“कुटं न्हाई वो बाई. कंबार खाजतीया म्हनत व्हता, म्हून चोळत बसले व्हते.”

आधी तिला मोरीवर नेऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग संपतच्या अंगावरची चादर सारली.

कमरेला करदोडा. बोटाएवढा जाड. दरवर्षी गावच्या जत्रेला नवा दोरा बांधायचा आणि जुना तसाच ठेवायचा, असे कित्येक वर्षांचे काळे दोरे एकात एक पीळ पडून बसलेले, आणि त्यात अडकवलेला कातड्याचा ताईत. दोरा कापसाचा, ताईत कातड्याचा. दोन्ही तेलकट रसायन पिऊन बसणाऱ्या जाती. आणि त्याच्याखाली कातडीवर गोल तपकिरी पट्टा.

रामसूरत पाळी सोडून भेटायला आला होता, दारातच उभा होता. मी त्याच्यावर ओरडले, “तुम तो बोला था सब उतारा!”

“सब उतारा था, मॅडम,” तो बिचारा गोंधळून म्हणाला. “ये कपडा थोडे ही है?”

मी कपाळावर हात मारून घेतला. तो खोटं बोलला नव्हता. आजवर आतून ‘काढलं’ म्हणणारा एकही माणूस खोटं बोलला नव्हता. नदीवर पोहणारा पोर असो की मोरीत आंघोळ करणारा म्हातारा, करदोड्यावर उभा असलेला माणूस इथं पूर्ण उघडाच समजतात. करदोडा अंगाचाच भाग, नखासारखा. आणि पडदा लावायची अक्कल माझी, त्यामुळं आत काय उरतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात तर तो प्रश्नच नव्हता. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा गंडे, दोरे, ताईत सगळं टाकून दिलं. माझ्या भावांच्या कमरेला कधी दोरा चढला नाही. शेजारणीनं एकदा धाकट्याच्या पायात काळा दोरा बांधला, तर वडिलांनी तो तिच्या देखत तोडला होता.

डॉक्टर आले, बघितलं, म्हणाले, “काढा ते आधी.” मी कात्री घेतली. आणि हौसाबाई पोराच्या कमरेवर आडवी पडली.

“न्हाई! हात लावायचा न्हाई! जित्या मानसाचा करदोडा तोडत्यात व्हय?”

“मावशी, त्यात विष मुरलंय. तेच अंगात चाललंय त्याच्या.”

“साबनानं धुवा की मग वरच्यावर.”

“आतपर्यंत मुरलंय, धुऊन नाही निघायचं. तोडायलाच लागेल.”

“ह्येच्या बापाचा तोडला तवा मी तितंच व्हते,” ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. “तिरडीवर घ्यायच्या आदी तोडला. इळ्यानं. तसाच ह्येचा तोडू व्हय? तुमी म्हनता म्हून?”

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, तुम्ही समजावा, मी पुण्याला फोन लावतो,” आणि निघून गेले. माझा जीव टांगणीला लागला होता. पोराचा श्वास मला ऐकू येत होता आणि ही बाई दोरा धरून बसलेली. माझा तोल गेला. “दोरा राहील तुमचा, मावशी, पोरगं जाईल! मग बसा दोरा सांभाळत!”

तिनं मान वर केली. “तुमच्यात बांधत न्हाईत. तुमाला काय त्येचं?”

मी कात्री ट्रेमध्ये टाकली आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर बसले. राग आला होता, खूप आला होता. माझ्या हातचं पाणी पोराच्या अंगावर चालतं, माझ्या हातची गोळी चालते, मी रात्री घरी जाऊनही ह्याचाच विचार करत बसले ते चालतं, आणि वर हे. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते मला फार छळत होतं. मी तो दोरा तोडायला एवढी का धावले? त्यात ॲनिलिन होतं म्हणून, की तो दोरा होता म्हणून? डॉक्टरांचीही खात्री नव्हती. दोरा पाहून ते म्हणालेही होते, हे विष शरीरात फिरून फिरून पुन्हा वर येतं, दोरा नसला तरी असं होऊ शकतं. समजा तोडला आणि पोरगं दगावलं, तर ही बाई जन्मभर म्हणेल, अमक्या आडनावाच्या बाईनं माझ्या जित्या पोराचा करदोडा तोडला. आणि मी काय म्हणेन? वडिलांचा आवाज एका कानात, हौसाबाईचा दुसऱ्या. मी नर्स कुठल्या बाजूला उभी होते तेच कळेना.

दार उघडलं. हौसाबाई बाहेर आली. माझ्यासमोर फरशीवरच बसली.

“बाई, म्या न्हाई म्हनत न्हाई,” ती म्हणाली. “पन नवा बांदल्याबगर जुना निगत नस्तो. कंबार उगडी ऱ्हाता कामा न्हाई, घडीभर बी. एवढंच माजं म्हननं.”

मी तिच्याकडं वाकले. “म्हणजे नवा बांधला तर जुना तोडला तरी चालतो?”

“चालतो की. न चालायला काय झालं? आदी नवा, मंग जुना.”

अगं माऊली! एवढंच होतं? मी ‘तोडायचा’ म्हणत होते, आणि तिला दिसत होती उघडी कंबर. ती ‘न्हाई’ म्हणत होती, आणि मला दिसत होती अंधश्रद्धा. इतक्या वेळात एकमेकींना एक सरळ प्रश्न विचारला असता तर?

“दोरा कुठला आणायचा आता?” मी म्हटलं. “काळाच लागतो का?”

“दोरा असला म्हंजी झालं. येळ काय, रंग काय बगता.”

मी आत जाऊन बँडेजचा नवा रोल फोडला, त्याची लांब पट्टी काढली आणि पीळ घातला. पांढराशुभ्र, निर्जंतुक. हौसाबाईच्या हातात दिला. तिनं पोराच्या कमरेखालून ओढून घेतला, टोकं जुळवली, पण गाठ बसेना. दोनदा टोक सुटलं. मग तिनं दोन्ही टोकं माझ्या हातात दिली.

“तू बांद, बाई,” ती म्हणाली. “घट बांद.”

तुम्ही नाही, तू. मी बांधली. आयुष्यात कुणाला करदोडा बांधला तो तेवढाच. गाठ पडली हे तिनं बोट लावून पाहिलं आणि मान हलवली. तेव्हा मी रबरी मोजे चढवून खालचा जुना गठ्ठा कात्रीनं कापला. ताईत कापताना कातड्यातून ओल सुटली. सगळं दुहेरी पिशवीत बांधलं. मग कंबर साबणानं आणि गार पाण्यानं धुतली, पुसली, परत धुतली. बँडेज भिजलं, पण जागेवर राहिलं.

पुण्याला न्यायची गाडी दारात उभीच होती. डॉक्टर म्हणाले, जरा बघू. ऊन उतरायला लागलं तसा श्वास शांत झाला. ओठांचा काळेपणा कमी झाला. संपतनं डोळे उघडून आईकडं पाहिलं आणि म्हणाला, “आये, तू कवा आलीस?” हौसाबाई तोंडात पदर कोंबून रडली. मीही रडले, लपवलं नाही.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं, दोऱ्यामुळंच ना? ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, “असेल. दुसऱ्या इंजेक्शनचा गुण उशिरा आला असेल. विष आपसूक उतरायच्या बेतात असेल. सगळंच थोडं थोडं असेल. मी छाती ठोकून नाही सांगू शकत, सिस्टर.” पुण्याहून रक्ताचा अहवाल आला, त्यात जन्मजात दोष नव्हता. तेवढं एक कळलं. बाकी जे होतं तसंच धुक्यात राहिलं. त्यानंतर माझ्या शॉवरवर करदोडा, गंडा, ताईत, हातातला दोरा, बोटातली अंगठी ही नावं घेऊन विचारायची पद्धत मी सुरू केली, आणि जवळ एक नवा दोरा कायम ठेवला. बक्षीस नाही मिळालं ह्याला.

संपतला घरी सोडायच्या दिवशी हौसाबाईनं मला बाजूला घेतलं.

“बाई, त्यो जुना करदोडा कुटं हाय?”

ती पिशवी दवाखान्यानं घेतली नव्हती. रसायनाचा कचरा आमच्यात नको, म्हणाले. म्हणून मी ती कंपनीत नेऊन घातक कचऱ्याच्या खोलीत ठेवली होती. तिथून ट्रक भरला की सगळं जाळायला शिरूरकडच्या भट्टीवर जातं. आमच्याकडं विष लागलेलं सगळं जाळतात, असं मी तिला सांगायला लागले.

“जाळला?” तिनं माझा हात धरला. डोळे एकदम मोठे झाले. “जाळला न्हवं?”

ट्रक अजून आलाच नव्हता. पिशवी खोलीतच होती. “जाळला, मावशी,” मी म्हणाले.

“मंग बास,” ती म्हणाली. “ह्येच्या वाटचं जे जळायचं व्हतं, ते जळून गेलं.” आणि तिनं माझे दोन्ही हात स्वतःच्या डोळ्यांना लावले.

ती गेली आणि मी तडक कंपनीत आले. माझा विश्वास नाही अशा गोष्टींवर. वडिलांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, ते मला पाठ आहे. तरी कचऱ्याच्या खोलीतल्या माणसाला मी सांगितलं, पुढच्या ट्रकमध्ये ती पिशवी सगळ्यात आधी चढवायची. तो हसला, “सिस्टर, एका दोऱ्यासाठी?” ट्रक आला तेव्हा मी माझी खोली सोडून तिथं उभी राहिले आणि पिशवी आत गेलेली पाहिली. ट्रक परत आला तेव्हा गेटवर जाऊन ड्रायव्हरला अडवलं.

“भट्टीत गेलं का सगळं? तुम्ही डोळ्यानं बघितलं का?”

“गेलं, मॅडम. समोरच टाकलं. का हो?”

“काही नाही,” मी म्हणाले. त्या आठवड्यात त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.